जया काय म्हणते

या प्रकरणातला शब्द न् शब्द खरा हाय. खोटा निघाला तर सांगणारीच्या जिभेले फोड येवो अन् पुढची सात वर्षं तिच्या पुरणात खडे निघो. ज्याले पटत नसन त्यानं पुलगावले उतरावं, नाचणगावचा रस्ता धरावा अन् दिसन त्या बाईले विचारावं, का कोजागिरीच्या दिवशी रुख्माबाईच्या घरी काय झालं. बाई आधी हसन. मंग तुमाले बसाले पाट देईन. अन् मंग जे सांगन ते हेच.

महिनाभर बसवलेली भुलाबाई उठायचा दिवस होता. ओसरीत ज्वारीच्या धांड्याईच्या मांडवाखाली मातीचे भुलाबाई-भुलोजी बसलेले, चुलीवर दूध आटून राह्यलेलं. संध्याकाळी गल्लीतल्या पोरी गाणे म्हणाले येणार, खाऊचा डब्बा हलवून हलवून आतमधी काय हाय ते ओळखणार. त्याच्या आधी घरच्या माणसाईले एक गोष्ट उरकायची होती. जया इथून पुढं कुठं राहीन.

जया म्हणजे रुख्माबाईची लेक, थोरल्या लेकाच्या, कैलासच्या पाठची, चाळिशीले टेकलेली. जन्मापासून तिचं अंग तिचं ऐकत नाई. हात एकीकडे जाते, मान दुसरीकडे, अन् शब्द तोंडातल्या तोंडात हरवते. बाहेर पडते तो फक्त एक "आं". त्या "आं"चा अर्थ लावायचा ठेका रुख्माबाईचा. जयानं "आं" केलं का रुख्माबाई सांगे, "जया म्हनते भाजीत मीठ कमी हाय." पुन्हा "आं" केलं का, "जया म्हनते, पाहुन्याईची गाडी चुकन." पाहुणे चपला शोधत. खरं का खोटं, कोण कोणाले विचारणार?

अन् जयाले बोलता येत नाई म्हणून अख्खी गल्ली जयाजवळ बोले. ते सुरू झालं भुलाबाईच्या खाऊपासूनच. ज्या घरचा खाऊ असे त्या घरची बाई आधी येऊन जयाच्या कानात सांगून जाय, का डब्ब्यात काय हाय. कोणाले तरी सांगितल्याशिवाय बाईच्या पोटात राहत नाई, अन् जया काई फोडणार नाई. खाऊवरून मंग गोष्ट सासूवर गेली, सासूवरून नवऱ्यावर, नवऱ्यावरून लग्नाच्या आधीवर. माणसंही येऊ लागले. रूपराव, रुख्माबाईचा धाकटा दीर, सिंदी रेल्वे गावाले राहते, पण अर्धा महिना इथंच असते. त्यानं भर दुपारी शेताच्या धुऱ्यावर काठीनं वाघ पळवला, हे सिंदीपासून पुलगावपर्यंत लहान लेकरालेही ठाऊक. तो वाघ खरा कोण होता, हे फक्त जयाले ठाऊक.

मशीन आलं पोळ्याच्या वेळी. सुरभीनं आणलं. सुरभी कैलासची लेक, वर्ध्याले कॉलेजात शिकते, तिथल्या मॅडमच्या ओळखीनं मिळालं. दिसाले साधा टॅबलेट, पण जयाच्या खुर्चीले बसवलेला, अन् जयाच्या डाव्या कोपराखाली एक मोठं लाल बटण. सगळ्या अंगात तेवढं कोपर तिचं ऐकते. पडद्यावर शब्दाईचे खोके. एक पिवळा उजेड या खोक्यावरून त्या खोक्यावर सरकत जाय. पाहिजे त्यावर आला का जया बटण दाबे. एक शब्द घेतला का पुढचे दोन-चार शब्द मशीन आपल्या मनानंच समोर ठेवे. वाक्य झालं का बातम्या सांगणाऱ्या बाईच्या आवाजात बोलून दाखवे.

"म्हनजे हे अंदाज करते," रुख्माबाई म्हणाली होती.

"हो आजी. आत्याले पुढं काय म्हणायचं असन, त्याचा."

"मंग माह्यात न् त्याच्यात फरक काय?"

"तू विचारत नाईस आजी. हे विचारते."

रुख्माबाईनं ते ऐकलं न ऐकलं केलं.

पहिल्या दिवशी जयानं चार वेळा बटण दाबलं अन् मशीन बोललं, "मला पाणी हवे आहे."

"हे कोन बाई आली वं?" रुख्माबाई मागं सरकली. "आपली जया नोहे हे. हे त पुन्याच्या विहिनीवानी बोलून राह्यली."

सुरभीनं समजावलं का मशीनले आपली बोली शिकवता येते, जे घडीघडी ऐकते नाईतर लिहिलं जाते तेच ते पुढं करते. एवढं सांगून पोरगी वर्ध्याले निघून गेली, अन् तिथंच घोळ झाला. मशीनले जयाचं बोलणं शिकवायचं होतं. पण जया कुठं बोलते? म्हणून सगळेच शिकवाले बसले. गल्लीतली देवकाबाई रोज येऊन दुधाचा भाव न् सुनेचे गुण सांगून जाय. रूपरावनं तर दिवसदिवस खुर्ची ओढून मशीनले वाघाची गोष्ट ऐकवली. एवढ्या मन लावून ऐकणारं त्याले जन्मात भेटलं नव्हतं. रुख्माबाई अंगणातल्या कावळ्याईले शिव्या दे, तेही मशीन ऐके. कैलास फोनवर साहेबाशी बोले, तेही ऐके. जयाले बटण मिळे ते सगळे थकून झोपले म्हणजे, दुपारी घटकाभर.

तर आता कोजागिरी. वर्ध्याच्या बोरगाव मेघेहून कैलास आला होता, गाडी घेऊन, बायको मंदा न् सुरभीले घेऊन. रूपराव आगगाडीनं पुलगावले उतरून आला होता. जयाची खुर्ची ओसरीत, भुलाबाईच्या बाजूले.

"आई, आता ताणू नको," कैलास म्हणाला. "तुये गुडघे गेले. तिले उचलता उचलता तू पडशीन, मंग दोघीले कोन उचलन? दोघीही चला. घराले कुलूप."

"माह्या गुडघ्याले काय धाड भरली? काल बाजारातून कोहळं आनलं मी, डोक्शावर."

"कोहळं अन् जया एक हाय का?"

"कोहळं जड होतं," रुख्माबाई म्हणाली.

रूपराव वहिनीच्या बाजूचा. नाचणगावच्या घराले कुलूप लागलं तर त्याचं अर्धं जेवण जाते. "मी म्हनतो कैलास, बाई माणूस आपल्या घरात बरं असते. वर्ध्याले तुमच्या फ्लॅटात कावळाही येत नाई."

"काकाजी, तुमी कावळ्यासाठी बोलून राह्यले का?"

मंदा काई बोलली नाई. मंदा गप असली का ती कैलासच्या बाजूची असते, पण किती बाजूची ते समजत नाई, हे रुख्माबाईले लग्नापासून माहीत.

"आत्याले विचारा ना," सुरभी म्हणाली.

"तिले काय विचारायचं? मी सांगतो ना," रुख्माबाई म्हणाली. "जया म्हनते—"

"आजी, आज तू नको सांगू."

सगळ्याईनं जयाकडे पाह्यलं. जयाचं तोंड जरा वर, डोळे मशीनवर, अन् ओठाच्या कोपऱ्यात हसू. हे कोणतं हसू, हे रुख्माबाईले ओळखू आलं नाई.

"आत्या, तू सांग. तुले कुठं राहायचं?"

पिवळा उजेड सरकाले लागला. जयानं "मी" घेतला. लगेच चार खोके समोर आले. कोपर जरासं घसरलं असन, का मशीनलेच घाई झाली असन. बातम्यावाली बाई स्पष्ट आवाजात म्हणाली, "मी वाघाले पाहून जागचा हललो नाई."

"पाहा," रूपराव म्हणाला. "मशीनही तेच म्हनते."

सुरभीनं ते पुसलं. पुन्हा उजेड, पुन्हा बटण. कैलास पुढं वाकून पडदा पाहाले आला तसं मशीन त्याच्याच तोंडावर म्हणालं, "मेल्या, तुया नरडीचा घोट घेतो."

कैलास उभाच राह्यला. "हे जया म्हनून राह्यली का मले?"

"मी कावळ्याले म्हनलं होतं," रुख्माबाई म्हणाली.

"म्हनजे यातलं कोनतं कोनाचं, कसं समजाचं? हा काकाजीचा, तो तुया. हिचं काय हाय यात?"

"थांबा ना पप्पा. तिले वेळ द्या."

पुन्हा उजेड. या वेळी जया घाई करत नव्हती. नको तो खोका आला का कोपर वर धरून ठेवे. मान हले, खांदा हले, पण कोपर थांबे. मंग दाबे. बऱ्याच वेळानं बातम्यावाली बाई बोलली.

"मी जातो वर्ध्याले."

कैलासचा श्वास सुटला. "झालं. संपलं."

उजेड अजून फिरतच होता. आणखी दोनदा बटण वाजलं.

"आई नाई."

चुलीवर दूध वर आलं होतं ते कोणीच पाह्यलं नाई.

"चुकलं," रुख्माबाई म्हणाली. "वाघावानीच चुकलं. जया माह्याशिवाय घास घेत नाई. हे मशीन देवकाबाईच्या सुनेचं बोलून राह्यलं, तिलेच सासू नको हाय."

"मलेही वाटते चुकलं," कैलास म्हणाला. दोघीले न्यायची त्याची तयारी, एकीची नाई. "दिवसभर जयाजवळ कोन बसन? आई पाहिजेच."

तेवढ्यात मंदा बोलली. अंगणात ऊन पडावं तशी बोलली. "काऊन? मी हावो ना घरी. अंघोळीपुरती खालच्या मजल्यावरची बाई येईन. ताई मले जड नाई. मले त बाई मशीन बरोबर वाटून राह्यलं."

रुख्माबाईनं सुनेकडे पाह्यलं. "आई नाई" ऐकल्यावर सुनेले एवढं तेज चढलेलं तिनं लग्नातही पाह्यलं नव्हतं.

"तुले वाटनच बरोबर," ती म्हणाली.

"तसं नाई आई, पन ताईनं सांगितलं त..."

"ताईनं सांगितलं का मशीननं?"

मंग एकच गलका झाला. कैलास म्हणे मशीनचं, मंदा म्हणे जयाचं, सुरभी म्हणे तुमीच सगळ्याईनं त्यात भरून ठेवलं त ते काय करन. शेवटी रूपरावनं हात वर केला. घरातला मोठा पुरुष म्हणून त्याले वर्षातून एकदा हात वर करता येते, अन् तो तेवढ्यासाठी वाट पाहून असते.

"भांडू नका. याची परीक्षा घेता येते. जया, बेटा, तूच बोलून राह्यली ना? मंग असं काई सांग जे मशीनले कोनी शिकवलं नाई. जे फक्त तुले माहीत हाय. सांग एक."

बोलला अन् तिथंच थांबला.

जयानं हळूच मान वळवली अन् रूपरावकडे पाह्यलं. मंग मंदाकडे. मंग कैलासकडे. घाई नव्हती तिले. सुरभीनं ओढणीचं टोक चावाले घेतलं. चाळीस वर्षांत या ओसरीत कोण कोण या खुर्चीजवळ येऊन, इकडंतिकडं पाहून, वाकून काय काय बोलून गेलं होतं, ते सगळं एकदम उठून ओसरीत उभं राह्यलं असं झालं.

"म्हनजे लहानसं काई," रूपराव म्हणाला. "जुनं नको."

कोपर बटणावर टेकलं. उजेड सरकला. मशीन म्हणालं, "वाघ."

"पटलं," रूपराव उठूनच उभा राह्यला. "मले पटलं. जयाच बोलून राह्यली, काई शंका नाई. कायले त्रास द्यायचा लेकराले."

"मीही तेच म्हनून राह्यली," मंदा घाईघाईनं म्हणाली. "परीक्षा कायची घेता घरच्या माणसाची?"

"माह्या बहिनीवर मले भरोसा हाय," कैलासनं सांगितलं, अन् रुमालानं मान पुसली. "जया म्हनते त जया म्हनते."

आताच मशीन खोटं होतं, आताच खरं झालं. रुख्माबाईले समजेना का माणसं इकडून तिकडं कधी गेले. जया हसून राह्यली होती, आवाज न करता, खांदे हलवून. रूपरावले वाटलं ते फक्त त्यालेच हसून राह्यली. खरं तर सगळ्याईलेच.

एकटी रुख्माबाई उरली होती. अन् तिचंही एक होतं. चैतात एका दुपारी जयाच्या केसाले तेल लावता लावता ती बोलून गेली होती. "थकली वं मी. आता होत नाई माह्याच्यानं. देवानं आधी तुले न्यावं का मले, तेही समजत नाई." बोलून तिनं तेलाच्या हातानंच स्वतःच्या तोंडावर मारून घेतलं होतं. जयानं तेव्हा "आं" केलं होतं, अन् रुख्माबाईनं त्याचा अर्थ लावला होता का जया म्हनते, वेणी घट्ट घाल.

ती खाली, जयाच्या खुर्चीजवळ बसली. गुडघे वाजले ते सगळ्याईनं ऐकले.

"काऊन वं?" तिनं विचारलं. "मले काऊन नाई नेत? माह्यानं काय कमी झालं?"

जयाचं हसू गेलं. उजेड सरकला. जयानं "आई" घेतला. लगेच पुढचे खोके उमटले. रुख्माबाई चौथी शिकलेली; मोठे अक्षर तिले लावता येते. पहिल्या खोक्यात होतं "चहा". दुसऱ्यात "नाई". तिसऱ्यात "थकली".

तिनं पुन्हा वाचलं. तेच होतं.

सुरभीनं सांगितलेलं तिले आठवलं, का जे घडीघडी लिहिलं जाते तेच मशीन पुढं करते. हा शब्द रूपरावनं शिकवला नव्हता. त्याच्या गोष्टीत आईच नाई. कैलासनं नाई, देवकाबाईनंही नाई. मंग दुपारी, सगळे झोपलेले असताना, कोणीतरी हे लिहून ठेवत होतं, अन् बाईचा आवाज निघायच्या आत पुसून टाकत होतं. एकदा नाई. मशीनच्या तोंडी बसन इतक्यांदा.

पिवळा उजेड "चहा"वर आला. पुढं गेला. "नाई"वर आला. पुढं गेला. "थकली"वर येऊन थांबला.

कैलास विचारत होता, "काय लिहिलं हाय? मले दिसत नाई." सुरभी पडद्यापुढं आडवी उभी झाली. तिनंही वाचलं होतं.

जयाचं कोपर वर होतं. थरथरत होतं, पण वर होतं. उजेड "थकली"वरून सरकून गेला.

रुख्माबाईच्या हातात खुर्चीचं चाक होतं ते तिनं तेव्हा सोडलं.

मंग जयानं उजेड पार खालच्या कोपऱ्यापर्यंत जाऊ दिला अन् तिथं बटण दाबलं. सगळे खोके गेले. नुसते अक्षर राह्यले, शाळेच्या पाटीवानी.

"अंदाज बंद केला तिनं," सुरभी म्हणाली. "आता एकेक अक्षर लिहीन. कोणी मधात बोलू नका. ओळखू नका. वेळ लागन."

अन् लागला. उजेड एकेका अक्षरावरून जाय, चुके, परत फिरे. पहिला "त" उमटला. या घरात जयाचं वाक्य तिच्या आधी पुरं करायची सगळ्याईले सवय. रूपरावचे ओठ हलत होते पण आवाज नव्हता, मंदा पदराचं टोक पिळत होती. कैलासनं दोनदा तोंड उघडलं अन् सुरभीकडे पाहून मिटलं. रुख्माबाई तर तोंडाले पदर लावून दगडावानी बसली होती, जागची हलली नाई. दूध आटून आटून कढईले लागलं, त्याचा वास ओसरीत आला, तरी कोणी उठलं नाई. फाटकाशी पोरी येऊन उभ्या झाल्या, त्याईले वाटलं आतमधी कोणी गेलं का काय, म्हणून त्याही गप. अंधारून आलं. पडद्याचा उजेड तेवढा जयाच्या तोंडावर.

शेवटी बातम्यावाली बाई बोलली.

"तिथं मले कोनी काई सांगत नाई."



"म्हनजे?" रूपराव म्हणाला. "आमी तुह्याजवळ बोलाचंच नाई का आता?"

जयानं "आं" केलं. सगळ्याईनं सवयीनं रुख्माबाईकडे पाह्यलं.

रुख्माबाई काय सांगणार? चाळीस वर्षं एका "आं"चे हजार अर्थ लावले होते तिनं, अन् आता एवढं मोठं, सरळ वाक्य समोर होतं अन् अर्थ लागत नव्हता. खरंच लेकीचे कान थकले होते का लोकाईचं ऐकून? तिले खरंच अशा जागी जायचं होतं का, जिथं खिडकीखालून जाणाऱ्या माणसाचं तिच्याजवळ काईच गुपित ठेवलेलं नाई? का त्या "थकली"वर तिनं हे वाक्य पांघरूण म्हणून टाकलं होतं, चार माणसांत आईची झाकली मूठ तशीच राहावी म्हणून? दोन्ही खरं असन. दोन्हीही नसन. जयाच्या डोळ्यात पाह्यलं तर डोळे तिच्याकडेच होते, अन् त्यात काय होतं ते तिनं ओळखलं नाई. ओळखायचा प्रयत्नही केला नाई.

"जाय मंग," ती म्हणाली. "मंदा, तिले डाव्या कुशीवर झोप लागते. भात गिजगा पाहिजे, मऊ. अन् तिच्याजवळ बसून आपलं सांगत नको बसजो."

"नाई सांगत आई," मंदा म्हणाली, अन् लाल झाली.

"आई, तूही—" कैलासनं सुरुवात केली.

"माह्यं नाव घेतलं का तिनं? नाई ना. मी इथंच राहीन. ये कधी कधी घेऊन, गाडी हाय ना तुयाजवळ."

पोरी आत आल्या. गाणे झाले. डब्बा हलवून हलवून पोरी ओळखून राह्यल्या होत्या, चकल्या, शेव, करंज्या, अन् जया खुर्चीत बसून ऐकत होती. या वर्षी डब्ब्यात काय हाय हे तिले कोणीच सांगितलं नव्हतं.

तर असं झालं. सगळं खरं हाय, पाहिजे तर भुलाबाईच्या पायावर हात ठेवते. एक सोडून. रुख्माबाई दगडावानी बसली होती, हे माह्या मनचं. पडद्यावर "त" उमटला अन् ती उठलीच. "तहान लागली वं तिले," म्हणाली, सुरभी नको नको म्हणेपर्यंत माठातून पेला भरून आणला अन् जयाच्या तोंडाले लावला. जयाले तहान नव्हती. सगळा पेला प्याली. रुख्माबाईनं पदरानं तिची हनुवटी पुसली, अन् मंग जयानं कोपर परत बटणावर ठेवलं.